परदेशी व्यापार, आपला कापूस आणि आपले जहाज
(सोलापूर परिसराच्या व्यापारी इतिहासातील काही पाने)

आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी कर्मभूमीच्या आरंभी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे जैन परंपरा सांगते. या सहांत वाणिज्याला कृषी आणि शिल्प यांच्या पंक्तीला बसविले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. शेतकरी पिकवितो, कारागीर घडवितो. परंतु जे एके ठिकाणी विपुल आहे ते जेथे दुर्मीळ आहे तेथे पोहोचविल्याखेरीज त्या पिकाला वा त्या वस्तूला पुरते मोल येत नाही. हे पोहोचविणे गावोगावच्या बाजारापुरते असो किंवा सातासमुद्रापलीकडचे असो, त्यामागील तत्त्व एकच. मात्र सातासमुद्रापलीकडे माल जाऊ लागला की एक प्रश्न उभा राहतो, जो नातेपुत्याच्या आठवडी बाजारात सहसा उद्भवत नाही. माल गेला, पैसा आला. पण त्या पैशातील किती भाग देशात राहिला आणि किती वाटेतच गळाला?

हा प्रश्न ग्रंथांतून अभ्यासण्याची आवश्यकता नाही. सोलापूर जिल्हा आणि त्याच्या आसपासचा मुलूख यांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात त्याचे उत्तर जागोजागी विखुरलेले आहे. त्या इतिहासात जैन वणिकांचा वाटा मोठा आहे. काही पाने अभिमानाची आहेत, काही तितकीशी नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दोन्ही वाचली जावीत.

आरंभ मात्र फार मागे जाऊन करावा लागेल. सोलापूरच्या शेजारी, आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना आणि भगवान महावीरांच्या प्राचीन मंदिरामुळे जैनांना ते परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराचे जे मार्गदर्शक टिपण लिहून ठेवले, त्या ‘पेरिप्लस’मध्ये या गावाचा उल्लेख ‘तगर’ या नावाने येतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणापासून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. तेथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे आणि तेथून जहाजाने रोमच्या साम्राज्यात. हिंदुस्थान दरवर्षी रोमची पाच कोटी नाणी ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकाराने त्याच शतकात नोंदवून ठेवली आहे. म्हणजे ज्या भूमीने एकोणिसाव्या शतकात कच्चा कापूस बाहेर धाडला आणि मँचेस्टरचे कापड विकत घेतले, त्याच भूमीतून अठराशे वर्षांपूर्वी तयार कापड बाहेर जात होते व सोने आत येत होते. या उलटापालटीत बरेच काही सामावलेले आहे.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. बोरघाटाचे अवघड काम पूर्ण होऊन मुंबई व दख्खन अखंड जोडले गेले ते १८६३ साली. या दोन वर्षांच्या मधोमध, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने त्या राज्यांची बंदरे रोखली आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात भाव तिपटी-चौपटीने चढले. बार्शीसारखी पेठ, जेथे बालाघाटाचा कापूस पूर्वीपासून उतरत असे, गजबजून गेली. कापसाच्या मूळ किमतीहून जास्तीचे म्हणून सुमारे सात ते आठ कोटी पौंड या चार-पाच वर्षांत एकट्या मुंबईत आले असावेत, असा तत्कालीन अंदाज आहे.

इतका पैसा अवचित आला की तो कोठे ठेवावा हेच कळेनासे होते. मुंबईत रोज नव्या बँका, नव्या वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या कंपन्या निघू लागल्या. या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी होते मूळचे सुरतेचे जैन गृहस्थ शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांच्या शब्दावर समभागांचे भाव चढत आणि उतरत. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग त्याच्या कितीतरी पट किमतीला विकला जात होता, जरी समुद्राखालची ती जमीन अद्याप कोणी पाहिलेली नव्हती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली. तार मुंबईत येताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या फेडीची तारीख होती. त्या दिवशी मुंबईतील अनेक पेढ्यांना आपली देणी भागविता आली नाहीत. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. प्रेमचंद शेठही त्यात होरपळले, परंतु तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या दोन लाख रुपयांतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आजही मुंबईला वेळ सांगतो. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. दृष्टी अधू झालेल्या त्या माउलीला सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची वेळ टोल्यांवरून कळावी, यासाठी तो बांधविला, अशी आख्यायिका जैन घरांतून सांगितली जाते.

या तेजीचा इतिहास बहुधा येथेच संपविला जातो. तथापि व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट निराळीच आहे. युद्ध संपल्याबरोबर इंग्लंडने हिंदुस्थानी कापसाकडे पाठ फिरविली, याचे कारण केवळ अमेरिकन कापूस लांब धाग्याचा होता एवढेच नव्हते. हिंदुस्थानी कापसाची साखच उरली नव्हती. भाव चढले तसे गासड्यांतून सरकी, माती, दगड निघू लागले. वजन वाढावे म्हणून कापूस ओला करण्यात येई. चांगल्या प्रतीत हलकी प्रत मिसळली जाई. सुरत बंदराच्या नावावरून या सर्वच कापसाला विलायतेत ‘सुरत’ म्हणत. लँकेशायरमध्ये हा शब्द हलक्या, भेसळीच्या मालासाठी शिवीप्रमाणे वापरला जाऊ लागला. प्रार्थनामंदिरात कोणी ‘देवा, आम्हास कापूस दे’ असे म्हटले की मागून एखादा गिरणीकामगार ‘पण सुरतेचा नको’ असे पुरवणी जोडी, असे सांगतात. अखेर १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करून तपासनीस नेमावे लागले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे मापात खोट आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सल मालात नक्कल मिसळणे, हे दोन आहेत. पर्युषणात ही सूत्रे भक्तिभावाने ऐकली जातात. १८६० च्या दशकात पेठांतून बसलेल्या सर्वांनीच ती पाळली असती, तर युद्धानंतर निदान काही गिऱ्हाईक टिकले असते. दोष एकट्या व्यापाऱ्यांचा नव्हता; शेतातून, जिनातून, दलालाकडून, बंदरातून, प्रत्येक टप्प्यावर हात मारला जात होता. पण विलायतेत नाव खराब झाले ते सर्वांचे.

मंदीची झळ मुंबईच्या शेअरबाजारापेक्षा दख्खनच्या शेतकऱ्याला अधिक काळ सोसावी लागली. तेजीच्या वर्षांत त्याला सहज कर्ज मिळत होते. चढलेले भाव कायमचे समजून सरकारने १८६७ पासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. तिचा आरंभ नीरेपलीकडच्या इंदापूर तालुक्यापासून झाला. भाव उतरले, सारा चढला आणि ज्यांना लिव्हरपूलची हुंडी मिळेनाशी झाली त्या सावकारांनी हात आखडता घेऊन जुनी येणी वसूल करण्याचा तगादा लावला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी गुजर सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी तेच घडले. हे ‘दख्खनचे दंगे’ वाचताना एक गोष्ट जाणवते. बहुतेक ठिकाणी जमावाने माणसांना फारशी इजा केली नाही. त्यांनी मागितले ते दस्तऐवज, आणि जाळले तेही दस्तऐवजच. १८७९ मध्ये सरकारने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.

गुजर आणि मारवाडी हे शब्द त्या काळच्या कागदपत्रांत सावकार या अर्थाने येतात, आणि त्यांत जैन कुटुंबे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. समाजाच्या स्मरणिकांतून हे पान सहसा गाळले जाते. वास्तविक ते गाळण्याचे कारण नाही. त्या सावकाराच्या मागे मुंबईची पेढी होती, पेढीच्या मागे विलायती निर्यातदार आणि त्याच्या मागे लिव्हरपूल. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे याची ना शेतकऱ्याला कल्पना होती, ना सावकाराला. दोघेही एकमेकांचा चेहरा तेवढा ओळखत होते. कच्चा माल परक्याच्या जहाजातून, परक्याच्या भावाने पाठविणाऱ्या मुलखाची निर्यात किती भ्रामक असू शकते, याचा हा धडा होता. आणि तो ज्यांनी घेतला त्यांनी पुढील पिढीत दोन वाटा शोधल्या. एक गिरणीची आणि दुसरी जहाजाची.

गिरणीची वाट सोलापुरास लवकर सापडली. मुंबईचे भाटिया व्यापारी शेठ मोरारजी गोकुळदास यांनी स्थापन केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, जिला सोलापूरकर पुढे ‘जुनी मिल’ म्हणत, १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता आणि कामाच्या शोधात आलेल्यांना त्या धुराड्याने आधार दिला. त्यानंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. मुंबईच्या गिरण्या तर चीनला जहाजे भरभरून सूत पाठवीत. पण येथेही जहाज परक्यांचेच होते. चीन-जपानकडील वाहतुकीची मक्तेदारी ब्रिटिश कंपन्यांकडे होती आणि त्या मागतील ते भाडे द्यावे लागे. जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये एका जपानी कंपनीच्या साहाय्याने स्वतःची जहाजे चालविण्याचा प्रयत्न केला. विरुद्ध बाजूने भाडे नाममात्र केले आणि टाटांना थोड्याच काळात माघार घ्यावी लागली. दक्षिणेत तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने प्रवाशांना फुकट नेले आणि वर छत्र्या भेट दिल्या, असे म्हणतात. पिल्लै १९०८ मध्ये तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली.

हा सगळा पूर्वेतिहास ठाऊक असतानाही या वाटेला जाण्याचे धाडस केले ते सोलापूरच्या एका जैन तरुणाने. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांचे वडील शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचे व्यापारी व पेढीवाले, आणि त्याहून अधिक म्हणजे ‘जैन बोधक’ या मासिकाचे संस्थापक आणि समाजसुधारक म्हणून ओळखले जात. घरचा व्यापार सोडून वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेची बांधकामे घेतली. वाणी आणि ब्राह्मण यांची ही कंत्राटी जोडी त्या काळी बऱ्याच जणांच्या थट्टेचा विषय झाली असल्यास नवल नाही.

पहिले महायुद्ध संपताच वालचंदांच्या कानी आले की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णनौका म्हणून घेतलेले ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीस आहे. सुमारे सहा हजार टनांचे ते जुने जहाज त्यांनी नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांना बरोबर घेऊन विकत घेतले. यातील नरोत्तम मोरारजी म्हणजे सोलापूरची जुनी मिल स्थापन करणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. बापाने सोलापुरात गिरणी घातली, मुलाने सोलापूरकराबरोबर जहाज घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली आणि ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र दीर्घायुषी ठरले नाही. १९२३ मध्ये ते मोडीत काढावे लागले.

पुढची लढाई समुद्रावर कमी आणि वह्यांवर अधिक झाली. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी आपसांत संघ करून भाड्याचे दर ठरविले होते, आणि व्यापाऱ्याला बांधून ठेवण्यासाठी त्यांनी विलंबित सुटीची पद्धत बसविली होती. तिची रचना मोठी चतुर होती. व्यापाऱ्याने सहा महिने आपला सगळा माल संघाच्याच जहाजांतून पाठविला की भाड्याचा काही टक्के भाग त्याला परत मिळण्यास तो पात्र होई. पण ही रक्कम लगेच मिळत नसे. त्यापुढील सहा महिनेही निष्ठा दाखवावी लागे. मध्येच एक गासडी जरी दुसऱ्याच्या जहाजातून गेली, तरी मागची सगळी सूट बुडाली. अशा स्थितीत सिंदियाने कितीही रास्त भाडे आकारले तरी व्यापारी तिच्याकडे येणार कसा? त्यातून ब्रह्मदेशच्या तांदळाच्या वाहतुकीत ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे इतके खाली आणले की कोळशाचा खर्चही निघू नये. युद्धोत्तर तेजीत चढ्या भावाने घेतलेली जहाजे मंदीत कवडीमोल झाली होती. ब्रिटिश कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचीही तयारी दाखविली. ती नाकारली गेली; परंतु १९२३ मध्ये दहा वर्षांचा एक करार स्वीकारावा लागला. त्यानुसार सिंदियाला भाडेसंघात स्थान मिळाले, पण परदेशी मार्गांवर न जाण्याची आणि ताफा ठरावीक मर्यादेपलीकडे न वाढविण्याची अट मान्य करावी लागली.

या कराराबद्दल वालचंदांवर टीका झाली. ज्या जहाजाने लंडनपर्यंत जाऊन दाखविले, त्याच्याच मालकांनी किनाऱ्याला बांधून घेतले, असे म्हणणे सोपे होते. परंतु टाटांची आणि पिल्लैंची कंपनी टिकली नाही, सिंदिया टिकली. यात या कडू घोटाचा वाटा आहे. दुसरीही एक बाजू आहे. सभेत स्वदेशीच्या ठरावावर हात वर करणारे कित्येक हिंदी व्यापारी प्रत्यक्षात सूट बुडेल या भीतीने माल परक्याच्याच जहाजात भरत होते. वालचंदांची खरी अडचण इंचकेपइतकीच हे घरचे लोकही होते. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे निधन झाल्यावर कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. वालचंद शेठ ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे निवर्तले.

त्याच काळात आणखी एक वाद पेटलेला होता. नाणेविषयक आयोगाच्या १९२६ च्या शिफारशीनुसार सरकारने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरविला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी आयोगात राहून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला होता. दोन पेन्सांसाठी एवढा कोलाहल का, असे वाटेल. हिशेब साधा आहे. कापूस विकून एक पौंड मिळाला, तर १६ पेन्सांच्या दराने हातात १५ रुपये येत आणि १८ पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे शेतात काडीचाही बदल न होता एका कायद्याने निर्यातीचे उत्पन्न नवव्या हिश्शाने घटले, आणि विलायती माल तेवढाच स्वस्त झाला.

आयातीच्या बाजूनेही याच मुलखाला एक अनुभव आला, आणि तो अगदी दाराशी. १९३० च्या सुमारास हिंदुस्थान दरवर्षी दहा लाख टनांच्या घरात साखर बाहेरून, मुख्यतः जावाहून, आणीत असे. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला. देशातील कारखान्यांची संख्या तीन वर्षांत तिसावरून एकशेतीसच्या आसपास गेली. नीरेच्या पाण्याच्या आधाराने वालचंदांनी नदीपलीकडे कळंबच्या माळावर जो कारखाना उभारला तेच आजचे वालचंदनगर. आणि अलीकडे माळशिरस तालुक्यात सासवडहून आलेल्या माळी बागाईतदारांनी माळीनगरचा कारखाना उभा केला. नातेपुत्याच्या पेठेत पुढील काळात जी वर्दळ वाढली, तिचे मूळ पाटाच्या पाण्यात जितके आहे तितकेच जावाच्या साखरेवरील त्या जकातीत आहे. संरक्षणाची भिंत नेहमीच उपकारक असते असे मात्र नव्हे.

स्वातंत्र्योत्तर चाळीस वर्षांनी ते दाखवून दिले. आयातीला परवाने, निर्यातीकडे दुर्लक्ष, देशातच सर्व माल खपतो ही निश्चिंती. परिणामी जगाच्या निर्यातीतील भारताचा दोन टक्क्यांच्या आसपास असलेला वाटा अर्ध्या टक्क्यावर आला. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि रिझर्व्ह बँकेचे सोने विलायतेस तारण ठेवावे लागले. घरातील दागिना सावकाराकडे जाणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्याला या घटनेचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. त्याच वर्षी जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि धोरणाची दिशा पालटली.

सोलापुरात तोवर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावत होती. त्यांची जागा घेतली ती तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी. सोलापुरी चादर घरोघरी गेली ती त्यांच्यामुळे. आणि पुढे टेरी टॉवेल परदेशी गेला तोही त्यांच्यामुळेच. चादर आणि टॉवेल दोहोंना भौगोलिक मानांकन लाभले आहे. १९७४ पासून २००४ अखेरपर्यंत श्रीमंत देश कापडाच्या आयातीवर देशवार कोटा लावीत असत. कोटा असेपर्यंत मागणी कितीही असली तरी ठरल्या संख्येपलीकडे माल जात नसे, आणि कोट्याचीच खरेदी-विक्री होई. १ जानेवारी २००५ रोजी कोटा संपला. दार उघडे झाले, पण ते चीन, पाकिस्तान, बांगलादेश यांनाही उघडे झाले. आता वजन, रंगाचा पक्केपणा, पाणी शोषण्याची क्षमता यांची कसोटी लागू लागली, आणि जुन्या मागांवर काम करणाऱ्या लहान कारखानदाराला ती जड गेली.

कसोटीचा तोच प्रसंग शेतमालावर आला. सांगोला, पंढरपूर, माळशिरस या कोरड्या तालुक्यांत भगवा डाळिंबाने अनेक घरांचा कायापालट केला. २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले. नंतरच्या वर्षांत टेंभुर्णी, कंदर, अकलूज भागातील केळी आखाती देशांत जाऊ लागली. परंतु २०१० मध्ये महाराष्ट्राच्या द्राक्षांना युरोपात मोठा धक्का बसला. वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाला आणि कंटेनरचे कंटेनर अडकून पडले. बागाईतदारांचा त्यात प्रचंड तोटा झाला. त्यानंतर बागेच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या दाखल्यापर्यंतची तपासणी अधिक कडक झाली. १८६३ चा कापसाच्या लबाडीचा कायदा आणि ही तपासणी यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. फरक एवढाच की कापसात माती जाणूनबुजून घातली जाई, आणि द्राक्षातील अंशाची अनेक बागाईतदारांना कल्पनाही नव्हती.

परक्या सरकारच्या एका सहीने व्यापार कसा हेलकावतो, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा दिसले. अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांपर्यंत नेला तेव्हा सर्वाधिक झळ बसलेल्या मालांत कापड आणि टॉवेल होते. जे कारखानदार एकाच देशाच्या गिऱ्हाइकावर विसंबून होते त्यांना १८६५ सालच्या बार्शीची आठवण होण्याचे कारण नव्हते, पण स्थिती फारशी वेगळी नव्हती.

आणि जहाज? सिंदिया कंपनीचा ताफा विसाव्या शतकाच्या अखेरीस विरून गेला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताच्या परदेशी व्यापारापैकी सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात होता. पुढील तीन दशकांत तो वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. २०२१ मध्ये महामारीनंतर कंटेनरची भाडी कित्येक पटींनी चढली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हा युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि ज्या वाटेने वास्को द गामा आला होता त्याच वाटेने सोलापूरचे टॉवेल आणि सांगोल्याची डाळिंबे दहा-पंधरा दिवस उशिरा पोहोचू लागली. भाडे किती घ्यावयाचे हे या सर्व काळात परदेशी कंपन्याच ठरवीत होत्या. २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व नौकानयनासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. विशाखापट्टणमच्या ज्या गोदीची कोनशिला सोलापूरच्या शेठजींनी बसवविली, ती हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने तेथे अद्याप उभी आहे.